गोंधळकाकू

माझ्या वहिनीइतकी हुशार बाई मी दुसरी पाहिली नाही आणि त्या हुशारीची इतकी माती करणारीही दुसरी पाहिली नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हणते. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. पूर्वी असं काही म्हटलं असतं तर तिने मला उभी चिरली असती. आता ऐकून घेते.

मी तिची नणंद. माझं लग्न मोडलं तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून भावाच्या घरी आले आणि मागच्या खोलीत राहिले ती राहिलेच. एका लाँड्रीच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघायचे, कशाचे आहेत ते ओळखायचे आणि निघणार नाहीत म्हणून सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे तोंड जरा फटकळ झालंय. वहिनी म्हणते ते जन्मतःच होतं. असेल.

वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. तळमजल्यावर जिन्याखाली बिनखिडकीची खोली, समोर लुकलुकणारे दिवे, कानाला यंत्र. तिथल्या प्रत्येक वॉर्डाचा, प्रत्येक लॅबचा, प्रत्येक डॉक्टरच्या घरचा नंबर तिला तोंडपाठ. शेजारच्या पोरींनी नंबरासाठी वही उघडली की ती अशी बघायची की त्या बिचाऱ्या वही मिटून टाकायच्या. मोठमोठे सर्जन तिला "जरा बघून सांगता का हो" म्हणायचे आणि ही न बघताच फोन जोडून द्यायची. मग बोर्ड गेला. "यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा" म्हणणारा एक रेकॉर्ड केलेला आवाज तिच्या जागी आला आणि हिला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. गुच्छ तिने बसमध्येच ठेवून दिला.

घरी तिला काही विचारायला कुणी नव्हतं. हे तिला फार लागलं. मग काय, माझ्यावर राग. मी टॉवेलची घडी घातली की ती उलगडून परत घालायची. माझी घडी! जी बाई दिवसभर घड्याच घालते तिची! आमचे खटके उडायचे आणि दादा दोघींच्या मधे उभा राहून म्हणायचा, "अगं, दोन्ही घड्या चांगल्याच आहेत."

दादा म्हणजे माझा भाऊ. देवमाणूस वगैरे मी म्हणणार नाही. त्याला साधा वाद घालता यायचा नाही आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. पण त्याने आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नाही. एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायचा. हृदयातली एक झडप खराब झाली म्हणून नवी बसवली, आणि तेव्हापासून त्याला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज एक, जन्मभर. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं: ही गोळी चुकली तर रक्ताची गाठ होईल, जास्त झाली तर रक्त वाहत राहील, मग ते नाकातून असो की डोक्यात. पुढे दादाचा विसरभोळेपणा वाढत गेला. गोळी घ्यायला तो कधी विसरायचा नाही. घेतली होती हे विसरायचा. सकाळी घेतलेली गोळी दुपारी त्याच्या डोक्यातून पार पुसलेली असायची. तेव्हा वहिनी बाटली हातात धरून त्याच्यासमोर उभी राहायची आणि गिळेपर्यंत हलायची नाही.

एक दिवस दवाखान्यातल्या भिंतीवर तिने जाहिरात वाचली. औषधांच्या वेळा सांभाळणारं एक मोबाइल अॅप तयार होतंय, ते वापरून बघायला वयस्कर माणसं हवीत. वहिनी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचे कपडे घालून गेली आणि आली ती वेगळीच बाई होऊन. गालावर रंग, चालण्यात झोक. "मला विचारतात," ती म्हणाली. "सारखं विचारतात. हे बटण कसं वाटतं, हा रंग दिसतो का, हे अक्षर वाचता येतं का. आणि मी बोलले की दोघंजण लिहून घेतात."

तिथली पद्धत अशी होती. एका खोलीत टेबल, टेबलावर फोन, फोनवर वरून कॅमेरा. समोर अॅप बनवणारी मुलगी, तिला आम्ही डिझाइनवाली म्हणायचो. ती म्हणायची, समजा तुम्ही आत्ता गोळी घेतलीत, तर फोनला ते सांगा. कसं सांगायचं ते मात्र सांगायची नाही. शेजारच्या खोलीत पाच-सहाजण पडद्यावर म्हाताऱ्यांची बोटं बघत बसायचे. बोट कुठे अडखळलं, कुठे उगाच फिरलं, ते टिपायचे. जिथे बोट अडलं तिथे अॅप सुधारायचं. डिझाइनवाली सगळ्यांना आधीच सांगायची, "परीक्षा तुमची नाही हं, आमची आहे."

कल्पना चांगलीच होती, नाही कोण म्हणतंय? अॅपही चांगलं झालं होतं. वहिनीने ते दादाच्या फोनमध्ये घालून दिलं. वेळ झाली की घंटा, मोठं हिरवं बटण, त्यावर "घेतली". आणि खरी करामत पुढे होती. दादा दुपारी विसरून पुन्हा बटण दाबायला गेला की फोन विचारायचा: "ही गोळी आज घेऊन झाली आहे. पुन्हा घ्यायची आहे का?" दादा ते मोठ्याने वाचायचा, तळहातावरची गोळी बाटलीत परत टाकायचा आणि हाक मारायचा, "अगं, झालीय म्हणे माझी!" जवळजवळ रोज दुपारी. फोनला म्हणायचा, "बरं झालं बाबा सांगितलंस." मी हसायचे, पण त्या एका प्रश्नावर त्याचा जीव टांगलेला आहे हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. मग वहिनीने बाटली हातात धरून उभं राहणं सोडून दिलं. तिला आता त्या अॅपवाल्यांच्या ऑफिसला जायचं असायचं.

तिच्या बरोबरीने एक निवृत्त पोस्टमन तिथे यायचा. तो हळूहळू तरबेज झाला, डोळे मिटून बटणं दाबायला लागला. डिझाइनवाली म्हणाली, "वा काका, तुम्ही तर एकदम तयार झालात!" काका फुलले. त्यांना कॉफीचा एक मग भेट दिला आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. शिकलेला माणूस त्यांच्या काय कामाचा? त्यांना न येणारा माणूस हवा असतो. वहिनीने ते पाहिलं मात्र, तिची पाचावर धारण बसली. बोर्ड एकदा गेला होता. आता ही खुर्चीही जाणार.

मग तिने जे सुरू केलं ते बघून मला आधी हसू आलं. ती जेवणाच्या टेबलाशी बसून दादाचा अभ्यास करायला लागली. तो फोन आधी लांब धरतो मग जवळ आणतो, बोटाचं टोक न लावता अख्खं बोट आडवं ठेवतो, काही कळलं नाही की फोनलाच "हं?" म्हणतो. सगळं तिने उचललं. मी आरशासमोर तिला "हं?" म्हणताना पकडलं.

"नाटक मंडळीत नाव घातलंस की काय?" मी विचारलं.

"तुम्ही तुमचे डाग बघा, वन्सं," ती म्हणाली. रागावली की मला वन्सं म्हणते.

हॉस्पिटलभर जिच्या डोक्याचा दरारा होता ती बाई आपल्याच नवऱ्याच्या म्हातारपणाची नक्कल करून एक खुर्ची टिकवत होती. आणि तिकडे लोक खूश! किती अस्सल गोंधळ, म्हणे. त्यांनी तिचं नाव गोंधळकाकू ठेवलं. काही नवीन करायचं झालं की ते एकमेकांना विचारायचे, "गोंधळकाकूला जमेल का?" भिंतीवर तिचं चष्मेवालं चित्र लावलं होतं, डोक्यावर प्रश्नचिन्ह. हे तिने आम्हाला अभिमानाने सांगितलं. दादा म्हणाला, "छान आहे की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं, लोक तुला बिनडोक म्हणतायत आणि तू मिरवतेस!

एकदा त्यांनी घरच्यांना बघायला बोलावलं, म्हणून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेले. मला शेजारच्या खोलीत बसवलं, चहा-बिस्किटं दिली. पडद्यावर वहिनीचे हात दिसत होते. त्या दिवशी अॅप जवळजवळ पुरं झालं होतं आणि तिचं भान सुटलं असावं, कारण ती भराभर पुढे गेली. घंटा बंद, हिरवं बटण, पुढचं पान. आत डिझाइनवाली म्हणाली, "वा काकू, तुम्ही तर एकदम तयार झालात!"

वहिनीचा हात हवेतच थांबला. मला त्या हातावरूनच कळलं की आता ही काहीतरी करणार.

पुढच्या पानावर तोच प्रश्न होता. ही गोळी आज घेऊन झाली आहे, पुन्हा घ्यायची आहे का. वहिनीने फोन लांब धरला, जवळ आणला. "हं?" म्हणाली. "हो" दाबलं, मग "नाही" दाबलं, मग परत "हो". मग छातीवर हात ठेवला. "अगं बाई," तिचा आवाज कापत होता, "हा मला खोटं पाडतोय का गं? काय चुकलं माझं?" आणि डोळ्यांत चक्क पाणी!

माझ्या खोलीतले सगळे पडद्याकडे वाकले. एकजण म्हणाला, "अरे बापरे. आपण रोज म्हाताऱ्या माणसांना खोटं पाडतोय."

मी म्हटलं, "अहो, काय घेऊन बसलात? ती नाटक करतेय. तो प्रश्न तिला पाठ आहे. आमच्या घरी तो रोज येतो."

तोपर्यंत डिझाइनवालीही बाहेर आली होती. तिने माझ्याकडे फार गोड नजरेने बघितलं. म्हणाली, "घरच्यांना असंच वाटतं हो. आपलं माणूस हुशार आहे, त्याला सगळं येतं, असं. आम्ही नेहमी बघतो."

"माझ्या भावाला तोच प्रश्न रोज थांबवतो," मी म्हटलं. "काढूनबिढून टाकाल तो!"

"त्यांना बरंच वाटेल, बघा तुम्ही," ती म्हणाली, आणि मला आणखी एक बिस्किट दिलं. मी ते खाल्लं नाही.

घरी येताना मी वहिनीला रस्त्यातच धरलं. वाट्टेल ते बोलले. लोक वळून बघत होते. "खुर्चीसाठी नवऱ्याच्या जिवावर उठलीस?" असंही बोलले. ती शांतपणे चालत राहिली. म्हणाली, "एक प्रश्न मला नाही समजला तर काय आभाळ कोसळणार आहे? तिथे एवढी शिकलेली माणसं आहेत, ती काय माझ्यावर विसंबून राहणार?" तिथेच तिचं चुकलं. ती माणसं तिच्यावरच विसंबून होती. इतकं मन लावून तिचं ऐकणारी माणसं तिला आधी कधी भेटली नव्हती, त्यामुळे ती खरोखरच ऐकतायत हे तिला पटलंच नाही.

पुढे अॅप लोकांसाठी खुलं झालं. दादाच्या फोनने नवं रूप आपणहून उतरवून घेतलं, कुणाला न विचारता. मला सुट्टी होती त्या दुपारी मी त्याला बटण दाबताना पाहिलं. प्रश्न आला नाही. हिरव्या बटणावर चांदणी चमकली आणि खाली आलं, "शाब्बास!" दादाने गोळी तोंडाकडे नेली. मी ओरडले तेव्हा तो इतका दचकला की गोळी हातातून उडाली. "सकाळी घेतलीस ना रे!" मी म्हटलं. तो म्हणाला, "पण हा शाब्बास म्हणाला." किती दिवस हा त्याला शाब्बास म्हणत होता कुणास ठाऊक.

वहिनी आली तेव्हा मी फोन तिच्यापुढे आपटला. ती पांढरी पडली. खाली बसली आणि कितीतरी वेळ दादाचा हात धरून होती. खोटं नाही बोलणार, तेव्हा तिला खरंच भीती वाटली होती. "उद्या जाते आणि सांगते," ती म्हणाली. "तो प्रश्न परत घाला म्हणून सांगते."

"आणि कसं सांगशील?" मी विचारलं. "तुला तर तो कळतच नाही."

ती दुसऱ्या दिवशी गेली आणि तशीच परत आली. घसा बसला होता म्हणे, साहेब कामात होते म्हणे. मग म्हणाली, गोळ्यांची बाटली आता मी माझ्या पर्समध्ये ठेवते, सकाळी हाताने एक देते, म्हणजे प्रश्नच मिटला. मी म्हटलं, मग ते अॅप काढून टाक त्याच्या फोनमधून. तर म्हणाली, "तिकडे कळतं कुणी काढलं ते. काकूंच्याच घरात अॅप नाही म्हटल्यावर मी तिथे काय तोंड दाखवू?" आणि पर्स काखेत मारून निघाली. घरातलं संकट तिच्या हिशेबी टळलं होतं, मग ऑफिसात तोंड उघडायची घाई कशाला?

संकट टळलं नव्हतं. ते अॅप माणसाला कसलाच त्रास होऊ नये म्हणून बनवलं होतं ना! गोळ्या संपत आल्या की ते विचारायचं, "मागवू का?" दादाने एकदा बटण दाबलं असणार आणि दुकानातून नवी बाटली दारात आली. आम्ही दोघी कामावर. त्याने ती आपल्या कपाटात रुमालांमागे नीट ठेवली. सकाळी बायको देते ती घ्यायची, मग घंटा वाजली की ही घ्यायची, आणि दुपारी आठवेना झालं की आणखी एक. प्रत्येक वेळी शाब्बास.

त्याच्या हातांवर निळे डाग उमटायला लागले. डाग बघणं माझा धंदा आहे. मी वहिनीला दाखवले. एकदा नाही, चारदा दाखवले. ती म्हणायची, "सारखे कुठेतरी धडकतात. गोळी मी स्वतः देते ना? एकच देते." तिची छातीठोक खात्री बघून मीही वाद घालायचे नाही, कारण पर्समधली बाटली मीही पाहिली होती.

त्या दिवशी मी जेवायला घरी आले. दादा टेबलाशी बसला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, हातात फोन, फोनवर चांदणी चमकत होती. मला बघून तो काहीतरी बोलला, पण ते शब्द नव्हते. मी रुग्णवाहिका बोलावली आणि वहिनीला फोन लावला. तो बंद. त्या खोलीत आपापले फोन बंद ठेवायचा नियम होता. ऑफिसच्या नंबरावर लावला तर कुणीतरी मुलगी म्हणाली, "काकू आत आहेत. मधे नाही थांबवता येत, निकाल बिघडतो." मी तिला जे म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही.

डोक्यात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती गोळ्या घेत होते? वहिनी म्हणाली, एक. डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही. मग मी घरी जाऊन कपाट उपसलं आणि रुमालांमागची बाटली आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिथे, सगळ्यांसमोर. मला तिची दया आली नाही.

दादा जगला. लोक हे अभिनंदनाच्या सुरात सांगतात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, समज मात्र शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं, बोलताना सांभाळून बोला. वहिनी त्याचं सगळं करायला लागली. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. नर्सने तिला भरवायचं शिकवलं होतं: मान किती पुढे झुकवायची, चमचा कुठल्या बाजूने आत न्यायचा, कधी थांबायचं. ऑफिसचं नाव तिने काढलं नाही.

ऑफिसच घरी आलं. मी फोनवर शिव्या घातल्या होत्या, त्यामुळे डिझाइनवाली फुलं घेऊन आली आणि दादाच्या पलंगाशी स्टुलावर बसली. रडवेली झाली होती. मुलगी मनाने वाईट नाही. म्हणाली, "काकू, तो प्रश्न परत घालायचा विचार करतोय आम्ही. पण तुम्हाला त्याचा इतका त्रास झाला होता, म्हणून आधी तुम्हालाच दाखवायला आणलाय. बघता का? तुम्हाला समजला तरच ठेवू."

वहिनीने फोन हातात घेतला. लांब धरला नाही, जवळ आणला नाही. एका नजरेत वाचला, "नाही" दाबलं आणि परत दिला.

"समजला," ती म्हणाली. "तेव्हाही समजला होता. पहिल्या दिवसापासून मला सगळं समजत होतं. मी सोंग करत होते. पोस्टमनकाकांसारखं तुम्ही मला काढाल म्हणून सोंग करत होते."

इतकं सरळ बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. डिझाइनवालीचे डोळे भरून आले. तिने वहिनीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काकू, नका हो स्वतःला असा दोष देऊ," ती म्हणाली. "घरात असं काही झालं की माणसाला वाटतं, आपल्यामुळेच झालं."

"अगं, मी खरं सांगतेय."

"हो हो, काकू."

"हो हो काय?" वहिनीचा आवाज चढला. "मला सगळं येत होतं! मी तुम्हाला फसवत होते! ऐकतेस ना? तो प्रश्न परत घाला, आजच घाला!"

डिझाइनवालीने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "त्यांना झोप मिळतेय ना नीट?"

"ती खरं सांगतेय," मी म्हटलं. "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

"तुम्ही दोघी फार दमला आहात," ती म्हणाली. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि उठली. "हे आत्ता दाखवायलाच नको होतं मी, चुकलं माझं. बघून किती हलल्या त्या. असा प्रश्न लोकांपुढे नाही ठेवता येणार." दाराशी पोचल्यावर तिला आठवलं. "आणि कामाची काळजी करू नका हं, काकू. तुम्ही काकांकडे बघा. आम्हाला दुसऱ्या एक काकू मिळाल्यात. खूप गोड आहेत. त्यांनाही काही कळत नाही."

दार लागलं. वहिनी दाराकडे तोंड करून उभीच होती. तिचं बोलणं त्या बाईला पटलं नाही, पण खोलीत आणखी एकजण होता आणि त्याला प्रत्येक शब्द पटला होता. तिला ते वळल्यावर कळलं. दादा तिच्याकडे बघत होता. त्या सगळ्या नाटकाचं त्याला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. प्रश्न गेला तो वहिनीमुळे, हे त्याला माहीत नव्हतं. तो आपल्या विसरभोळेपणालाच दोष देत पडला होता.

"अहो," ती म्हणाली. त्याने मान भिंतीकडे वळवली. तेवढी त्याला वळवता येत होती.

दुपारी तिने पातळ भात आणला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. चमचा ओठांना लागून सगळं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. तिने पुसलं, पुन्हा भरला, पुन्हा तेच. तिने हात जोडले, रडली, पाय धरले. तो भिंतच बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ कुणावर तरी रागावला होता आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

संध्याकाळी मी वाटी तिच्या हातातून घेतली. म्हटलं, मी भरवते, माझ्या हातून खाईल. त्याने माझ्यासाठी लगेच तोंड उघडलं. मी चमचा दिला आणि त्याला ठसका लागला. असा लागला की चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. मी नुसती वाटी धरून उभी. वहिनीने मला धक्का देऊन बाजूला केलं, त्याला पुढे ओढलं, पाठ थोपटली, बोट घालून घास बाहेर काढला. त्याचा श्वास नीट चालू होईपर्यंत मी भिंतीला टेकून होते. मला ते काम येत नाही. शिकायची हिंमतही नाही, आणि लाँड्री सोडली तर घर चालायचं नाही.

तिने चमचा पुन्हा भरला आणि त्याच्या ओठांपाशी धरून थांबली. दादाने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मी मान खाली घातली. मग त्याने तोंड उघडलं.

रोज तसंच चालतं. तो भिंतीकडे बघतो आणि ती भरवते.